सोपारे : रोमच्या काळचे आपले बंदर



इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. १९३८ साली तेथे उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती हिंदुस्थानी कारागिराच्या हातची. तशाच घडणीची मूर्ती मराठवाड्यातील तेर येथेही मिळाली आहे. रोमन नगरांच्या नवलकथा आपण आवडीने वाचतो. पण त्या नगरांशी ज्यांचा व्यापार चाले, त्यांपैकी एक बंदर आपल्याच नालासोपाऱ्यात होते, याची आठवण आपल्याला क्वचितच असते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी मार्गदर्शिकेत भडोचनंतरच्या बंदरांत ‘सुप्पारा’ आणि कल्याण यांची नावे येतात. मिसरमधील बंदरांतून जुलैच्या सुमारास निघालेली गलबते नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर इकडे येत. भडोचला इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे व पोवळे उतरे. सुती कापड, हस्तिदंत आणि अकीक तिकडे जाई. पैठणहून माल गाड्यांवर घालून भडोचला न्यायला २० दिवस लागत. राज्यकर्त्यांच्या भांडणात कल्याणचा व्यापार अडला होता. तेथे चुकून आलेल्या ग्रीक जहाजाला पहाऱ्यात भडोचला नेत, असेही हा लेखक नोंदवतो. हिंदुस्थान दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार रोमन ग्रंथकार प्लिनी याने केली आहे.

आता आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचा पहिला प्रश्न असा, की हा माल विणला कोणी, वाहिला कोणी? ग्रंथकारांनी त्यांची नावे लिहून ठेवली नाहीत. परंतु दगडांनी थोडे सांगितले आहे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचे लेख आहेत. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसरीकडे १,००० पाऊण टक्क्याने कायम ठेवले, व त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च चालवला. राजाच्या जावयाने विणकरांच्या संघटनेवर विश्वासाने पैसा ठेवावा, एवढी तिची पत होती! त्याच उषवदाताने सोपाऱ्यात धर्मशाळा बांधली आणि डहाणूच्या नदीसह कित्येक नद्यांवर फुकट तरी सुरू केल्या.

याहून जुना साक्षीदार सम्राट अशोक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ साली भुईगावात नवव्याचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा पूर्ण मजकूर इतर ठिकाणी सापडतो. त्यात अशोक म्हणतो, की लोक लग्नात, आजारपणात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ अल्प. दास व नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, हेच खरे मंगल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाने चाकरमान्यांच्या वागणुकीची गोष्ट दगडावर खोदवली, आणि तो दगड आपल्या तालुक्यात निघाला!

भगवानलालांनी त्याच साली बुरूड राजाच्या कोटातील स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत काय असावे? मातीच्या भिक्षापात्राच्या खापऱ्या! पेटीत सोन्याची फुले, बुद्धांच्या ८ धातुमूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचे एक चांदीचे नाणेही होते. मूर्ती त्या नाण्याहून कित्येक शतके अलीकडच्या. म्हणजे स्तूप मध्यंतरी पुन्हा उघडून भक्तीने बंद केला असावा.

पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडले. आज तेथील हजारो माणसे पहाटेची लोकल पकडून मुंबईला राबायला जातात. घरांच्या गर्दीत उरलेला स्तूप सरकारी संरक्षणात आहे खरा, परंतु कायद्याच्या पाटीने एकट्याने काही राखले जात नाही; शेजारी राहणाऱ्याला ती वस्तू आपली वाटावी लागते. ‘हे परप्रांतीयांचे, चाळींचे गाव’ अशी नालासोपाऱ्याची हेटाळणी होते. ती करणाऱ्यांना एवढेच सांगावे, की परमुलखाच्या माणसांना उतरायला धर्मशाळा देणे, ही या गावाची जुनी रीत आहे. येत्या सुटीत मुलांना कोटावर न्या, आणि सोन्याच्या डबीतल्या खापरांची गोष्ट तेथेच उभे राहून सांगा.