जलद यंत्र आणि लांबची वाट

१ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निर्माण होईपर्यंत सेनगांवच्या रहिवाशाला जिल्ह्याच्या कामासाठीं परभणी गांठावी लागे. एकेका कागदासाठीं एकेक खेप घालणाऱ्याचे दिवस कसे खर्ची पडत, हें सांगावयास नकोच. संगणकाच्या इतिहासांतहि अशीच एक परभणीची वाट होती.

१९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारांत आला आणि त्याबरोबर डॉस ही कार्यप्रणाली आली. तिला स्मृतीचा पहिला १ मेगाबाइट एवढाच प्रदेश ठाऊक होता. पुढें १९८२ चा २८६ प्रोसेसर 'संरक्षित' पद्धतींत १६ मेगाबाइटपर्यंत, तर १९८५ चा ३८६ प्रोसेसर ४ गिगाबाइटपर्यंत पोहोंचूं लागला. मोठे प्रोग्राम साहजिकच या नव्या प्रदेशांत राहावयास गेले. परंतु डिस्कवरील फाइल आणून देण्याचें काम जुन्या डॉसकडेच राहिलें.

परिणाम असा झाला कीं, प्रत्येक वाचनाच्या वेळीं प्रोसेसरला संरक्षित पद्धत सोडून खालीं उतरावें लागे. डॉस ती माहिती पहिल्या मेगाबाइटमधील एका लहानशा जागेंत आणून ठेवी. मग प्रोसेसर पुन्हां वर चढे आणि तिची नक्कल आपल्या जागीं नेई. २८६ ची अवस्था तर अधिकच बिकट होती. त्याला परतीची वाटच ठेवलेली नव्हती. खालीं यावयाचें तर त्याला नव्यानेंच सुरू करावें लागे, आणि तें काम कळफलकाच्या नियंत्रकाकडून करवून घेत! थोडें थोडें वाचणारा प्रोग्राम म्हणूनच रखडे. जाणते प्रोग्रामर एका खेपेंत अनेक किलोबाइट उचलीत.

याच सुमारास, १९८८-८९ मध्यें, केंद्र सरकारनें देशांतील ८ जिल्ह्यांत जमिनीच्या दप्तराचें संगणकीकरण आरंभिलें. त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. सातबारा म्हणजे लहान लहान नोंदींची रास. अशा कामांत प्रोसेसरच्या चपळाईपेक्षां डिस्कपर्यंतची वाटच खातेदाराला किती वेळ तिष्ठावें लागेल हें ठरविते.

१९९२ च्या विंडोज ३.१ नें डिस्कचें काम, आणि १९९३ च्या पुढील आवृत्तीनें फाइलींचेंहि काम, संरक्षित पद्धतींतच करण्याची सोय केली. डिस्क तीच होती, प्रोसेसरहि तोच. कमी झाले ते हेलपाटे. कारभार, मग तो यंत्राचा असो वा जिल्ह्याचा, जलद करावयाचा तर अंमलदार चपळ असून भागत नाहीं. दप्तर जवळ आणावें लागतें.