भानामती
भानामती : जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखात, म्हणजे मराठवाडा, बिदर-कलबुर्गी आणि हैदराबादलगतचा मेदक या पट्ट्यात, रूढ असलेला करणीचा समज. तेलुगूत बाणामती, चेतबडी हा तिकडचा जवळचा शब्द. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तीन राज्यांत वाटला गेला. भानामती तिघांच्याही वाट्याला आली.

घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेटतात, अंगावर फुल्या उठतात, बाई कुत्र्यासारखी भुंकू लागते, अशी तिची लक्षणे सांगतात. ही सारी एका माळेत ओवणे बरोबर नाही. दगड-आगीमागे कुणाचा तरी हात असतो. फुल्यांमागे बहुधा बिब्ब्याचे तेल. परीट कपड्यांवर खूण करायला वापरत, तेच हे तेल. कातडीला लागले की लगेच काही दिसत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी आग होते, फोड येतो, मागे काळा डाग राहतो. मधल्या या वेळामुळेच फुली ‘आपोआप’ उठल्यासारखी वाटते.

भुंकणाऱ्या बाईचे वेगळे. तिला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तिचा त्रास बहुधा खरा असतो. आपल्यावर कुणी केलंय, या धास्तीने झोप उडते, घास उतरत नाही, छाती धडधडते. आणि प्रत्येक नवा त्रास त्या धास्तीलाच पुरावा पुरवतो. अपाय होणार या अपेक्षेनेच होणाऱ्या अपायाला वैद्यकात नोसिबो परिणाम म्हणतात. हा शब्द वॉल्टर केनेडी यांनी १९६१ मध्ये वापरला. शापाच्या भीतीने ओढवणाऱ्या मृत्यूवर वॉल्टर कॅनन यांनी १९४२ मध्येच लिहिले होते. हा खेड्यातल्या अडाण्यांचा रोग समजू नये. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅमसन चाचणीत, त्रास होतो म्हणून कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या सोडलेल्या ६० जणांना काही महिने औषध, काही महिने पोकळ गोळी दिली. कधी काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. औषधावर जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के पोकळ गोळीवरही झाला.

शरीरापाठोपाठ श्रद्धा खचते. देवऋषी ‘बाहेरचं आहे’ म्हणतो, तेव्हा कुलदैवतानेच पाठ फिरवली, कुळाचारात काही चुकले, असे घराच्या मनात बसते. मग उतारा, कोंबडे, दर्ग्याच्या वाऱ्या. ‘तुला काही झालेलं नाही’ हे डॉक्टरांचे वाक्य अशा वेळी उलटते. झालेले तर तिला कळत असतेच.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा ऑगस्ट २०१३ मध्ये खून झाला. त्याच महिन्यात महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला, डिसेंबरात कायदा केला. त्याच्या अनुसूचीत भानामतीचे नाव आहे. करणी केल्याचा आळ मात्र कुणावर तरी येतोच, बहुधा एकट्या बाईवर किंवा भाऊबंदकीतल्या माणसावर. तेलंगणात अशा संशयितांचे दात उपटल्याच्या घटना घडल्या आहेत. दात गेले की मंत्राचा उच्चार होत नाही, असा त्यामागचा समज.