शाळा उघडी ठेवण्यामागचा विचार : न्यूयॉर्क, १९१८



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "साथ आली की शाळा बंद करायची, यात विचार करण्यासारखं काय आहे?" प्रश्न साधा वाटतो. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहासात आम्ही पाहुणेच. पण साध्या वाटणाऱ्या उत्तरापाशी जरा थांबायची सवय त्या विषयानं लावली. म्हणून आज एका अशा शहराकडे जाऊ, ज्यानं साथ ऐन भरात असताना शाळा उघड्या ठेवल्या.

१९१८ चं शरद ऋतूचं तोंड. इन्फ्लुएंझाची दुसरी लाट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन धडकली. बहुतेक शहरांनी शाळांना टाळं लावलं. न्यूयॉर्क, शिकागो आणि न्यू हेवन ही मोठ्या शहरांतली ठळक अपवाद. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत तेव्हा सुमारे दहा लाख मुलं होती आणि त्यांतली तीन चतुर्थांश टेनेमेंटमध्ये राहत होती. टेनेमेंट म्हणजे आपल्या चाळीचीच बहीण समजा. अंधाऱ्या खोल्या, एका खोलीत पाच-सहा माणसं, वारा नाही.

शहराचे आरोग्य आयुक्त होते रॉयल कोपलंड. बाल-आरोग्य विभागाच्या प्रमुख होत्या डॉ. सारा जोसेफिन बेकर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शाळा बंद केली तर मूल जाणार कुठं? त्याच कोंदट खोलीत, नाहीतर रस्त्यावर. तिथं त्याच्याकडे बघणारं कोण? आई-बाप कामावर, किंवा स्वतःच अंथरुणाला खिळलेले. शाळेत निदान हवेशीर वर्ग आहे, रोज चेहरा बघणारे शिक्षक आहेत, परिचारिका आहे, डॉक्टर आहे.

मग व्यवस्था ठरली. मुलानं घरून थेट शाळेत यायचं, वाटेत घोळका करायचा नाही. सकाळी शिक्षक प्रत्येक मुलाला न्याहाळणार. एका वर्गाची मुलं दुसऱ्या वर्गात मिसळू द्यायची नाहीत. शिंक, खोकला, ताप दिसला की मूल बाजूला आणि डॉक्टरांकडे. आजारी मुलाला घरी पोचवलं की घर बघायचं : इथं त्याला वेगळं ठेवता येईल का, शुश्रूषा करायला कोणी आहे का? नसेल तर रुग्णालय. कुटुंबाचा स्वतःचा डॉक्टर नसेल तर आरोग्य खात्याचा. जे मूल आलंच नाही, त्याच्याही घरी चौकशी. म्हणजे हजेरीपट हाच साथीचा नकाशा झाला. कुठल्या घरात दुखणं शिरलंय, हे शाळेला कळत होतं.

आता इथं एक शंका यायला हवी. सरकारची माणसं घरात शिरून आजारी मूल शोधतायत, हे लोकांनी चालवून कसं घेतलं? आपल्याला तर लगेच पुणं आठवतं. १८९७ ची प्लेगची साथ. तिथंही सरकार घराघरांत शिरलं होतं आणि कारणही रोगनिवारणाचंच सांगितलं होतं. पण आत आले ते सोल्जर. देवघर बघितलं नाही, माजघर बघितलं नाही. त्या वर्षीच्या जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण सगळे जाणतोच.

दोन्हीकडे दारावर थाप होती. फरक कशाचा? उत्तरासाठी सोळा वर्षं मागं जायला हवं.

१८९७ पासून न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर तपासणीला येत. खुपऱ्या, उवा, गजकर्ण, काही दिसलं की मुलाला घरी धाडत. बस्स, काम संपलं! घरच्यांना चिठ्ठी वाचता येत नव्हती, औषधाला पैसे नव्हते, म्हणून मूल महिनोन्‌महिने घरीच. लिलियन वाल्ड या परिचारिकेनं आपल्या आठवणींत बारा वर्षांच्या एका मुलाची हकीकत सांगितलीय. डोक्यावरच्या त्वचारोगामुळं तो कधी शाळेतच गेला नव्हता. वाल्डनं उपचार केले आणि तो पहिल्यांदा वर्गात बसला. साथ पसरू नये म्हणून केलेली तपासणी गरिबाच्या मुलाला शाळेबाहेर काढायचं यंत्र झाली होती.

वाल्डच्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेनं १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेला महिनाभरासाठी चार शाळांकडे दिलं. रॉजर्सबाई शाळेत मलमपट्टी करत आणि दुपारी मुलांच्या घरी जात. आईशेजारी बसून डोळे कसे धुवायचे, उवा कशा काढायच्या, ते स्वतः करून दाखवत. महिन्याभराचा प्रयोग इतका पटला की शहरानं पगारी परिचारिका नेमल्या. वर्षभरात आजारापायी शाळेबाहेर काढल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. १९०८ मध्ये बेकरबाईंचा विभाग उभा राहिला.

म्हणजे बघा, १९१८ साली जी बाई दार वाजवत होती, ती ओळखीची होती. तिनं थोरल्याचे डोळे बरे केले होते. पुण्यात सरकार पहिल्यांदा घरात आलं ते साथीच्या दिवशी, बंदूक घेऊन. विश्वास ही संकटात उभी करायची गोष्ट नाही. ती आधी साठवावी लागते.

मग न्यूयॉर्क जिंकलं का? इथं जपून बोललं पाहिजे. शहरात वीस हजारांहून जास्त माणसं त्या लाटेत गेली. लोकसंख्येच्या मानानं बॉस्टन आणि फिलाडेल्फियापेक्षा हे प्रमाण कमी होतं, हे खरं. पण शहरानं दुकानं, कचेऱ्या, नाटकगृहं यांच्या वेळाही वेगवेगळ्या करून गर्दी फोडली होती. श्रेय एकट्या शाळेला देता येत नाही. त्या वेळी कोपलंडवर टीकाही झाली, आणि कित्येक पालकांनी मुलं घरीच ठेवली. त्या आई-बापांना आम्ही अडाणी म्हणणार नाही. इतिहास दोनदा घडवून ताळा पाहता येत नाही.

त्याच महिन्यांत मुंबईही याच साथीत होरपळत होती. इथं शाळेनं हे काम केलं असतं का? करणं अवघडच होतं, कारण बहुतेक मुलं शाळेच्या पटावरच नव्हती. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात फेटाळलं गेलं होतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आणि विठ्ठलभाई पटेलांचा मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांपुरता कायदा झाला तो १९१८ सालीच. ज्याचं नाव पटावर नाही, त्याची गैरहजेरी कोण मांडणार?

म्हणून त्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं. "शाळा बंद करा" हा सल्ला देताना आपण एक घर गृहीत धरतो : वेगळी खोली, घरी असणारी आई, ओळखीचा डॉक्टर. ज्याच्याकडे हे घर आहे, त्याला बंद शाळा म्हणजे खबरदारी. ज्याच्याकडे नाही, त्याचा एकुलता आधार जातो. दोन हजार वीस साली आपणही शाळा बंद केल्या. कदाचित करायलाच हव्या होत्या. पण तेव्हा शाळेच्या दारात पालकांच्या पिशवीत तांदूळ आणि डाळ घातली गेली, तेव्हा आपल्यालाही उमगलं की शाळा म्हणजे फक्त फळा नव्हे.

पुढची साथ कधी येईल, कशी येईल, ठाऊक नाही. शाळा उघडी ठेवावी की बंद, हे त्या रोगावर ठरेल. पण आपल्या गावातल्या शाळेतल्या बाईंना आज कुठल्या घराचं दार ओळखीचं आहे, हे आत्ताच विचारता येईल. ते जरूर विचारा.

इथे थांबतो.