टिळकांचा राजीनामा आणि लक्ष्मीबाईंचा संसार

सप्टेंबर 1917 मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनच्या पगारावर पाणी सोडले. तेव्हा त्यांची पंचावन्नी उलटली होती आणि लग्नाला 37 वर्षे झाली होती. ज्या वयात माणूस पेन्शनीचा हिशेब मांडतो, त्या वयात त्यांनी नगरमधले बस्तान सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सगळेच ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, कुणी कुणाचा नोकर नसावा, ही त्यामागची कल्पना. टिळकांच्या चरित्रात ही घटना बहुधा भक्तकवीची अखेरची झेप म्हणून येते: साक्षात्कार झाला, संन्यास घेतला, संपले. मला ही मांडणी अपुरी वाटते. त्या निर्णयाची तयारी टिळकांच्या घरात कितीतरी वर्षे चालू होती. बेत मोडून नवा बेत धरणे हीच त्या नवरा-बायकोची जगण्याची रीत झाली होती, आणि ती रीत निभावण्याचे काम मुख्यतः लक्ष्मीबाईंनी केले होते. दरबाराचा इतिहास लिहायचा तर तो चुलीपासून लिहायला हवा.

टिळकांच्या आयुष्याचा आधीचा आलेखच पाहा. शिक्षकी, कीर्तने, प्रवचने, मासिके. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम. पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरी, आणि तिकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याने हातावर ठेवलेला ‘नवा करार’. एकाही गावात बिऱ्हाडाची भांडी धड मांडून झाली नाहीत. 1895 साली मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तर संसारच दुभंगला. धर्म बदललेल्या नवऱ्यापासून लक्ष्मीबाई काही वर्षे लहानग्या मुलाला, देवदत्ताला (दत्तूला), घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या त्याही आपल्या अटींवर: चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कायम. ते सोवळे एकेक पायरीने सुटले आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. पुढे नगर आणि राहुरी इथला दिनक्रम ठरला तो असा की, टिळक मिशनच्या सेमिनरीत शिकवणार, उपदेश करणार, पदे रचणार. आणि घरात पोरकी मुले, विद्यार्थी, आल्यागेल्याची पंगत आणि कवी. बालकवी ठोमरे याच घरात राहून गेले. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. येईल तो मागणाऱ्याला, मनात भरलेल्या वस्तूला किंवा एखाद्या नव्या कल्पनेला जाई, आणि महिनाअखेर डब्यांच्या तळाशी काय उरले ते बघणे बाईंच्या वाट्याला येई.

या घरगुती हकिकतीला इतिहासात जागा कशासाठी, असे कुणी विचारील. उत्तर मिशनच्या रचनेत आहे. मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचा पैसा बोस्टनहून येई. गोऱ्या मिशनऱ्याला ठराविक वर्षांनी मायदेशी रजा मिळे आणि म्हातारपणी परतायला आपला मुलूख असे. टिळकांना ज्यांनी सेमिनरीत आणले ते डॉ. रॉबर्ट ह्यूम मुंबईत जन्मलेले, अर्धशतक या देशात राबलेले. त्यांनीही अखेरची वर्षे अमेरिकेतच काढली. ह्यूमांविषयी टिळकांना प्रेम होते, प्रश्न व्यक्तीचा नव्हता. देशी उपदेशकाला मात्र पगार हाच जमिनीचा तुकडा होता, आणि तो देणारा हात परका होता. सगळीकडे हीच कुरबुर चालली होती. 1905 मध्ये सेरामपूरला देशी पैशावर आणि देशी माणसांवर चालणारी राष्ट्रीय मिशनरी संस्था निघाली. 1910 मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय ख्रिस्ती धर्मोपदेशक अझराया यांनी गोऱ्या सहकाऱ्यांच्या तोंडावर सांगितले की तुम्ही आमच्यासाठी जीव देता, पण आम्हाला मित्र मानत नाही. टिळकांनी हा प्रश्न सभेत मांडून थांबण्याऐवजी स्वतःच्या पगारापाशी आणून सोडवला. आणि पगार सोडणे त्यालाच परवडते ज्याच्या घराला पगाराविना जगण्याचा सराव आहे.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. या घराची बहुतेक माहिती आपल्याला ‘स्मृतिचित्रे’मधून मिळते, आणि ते पुस्तक लक्ष्मीबाईंचेच. पहिला भाग निघाला 1934 साली, म्हणजे टिळकांना जाऊन पंधरा वर्षे झाल्यावर. सांगणारी बायको, विषय नवरा, मध्ये एवढा काळ. मग पुरावा कसला? आक्षेप खरा आहे. तारखा आणि क्रम यांसाठी मीही त्या पुस्तकावर विसंबणार नाही. पण आठवणीतली जी भर माणूस स्वतःला मिरवण्यासाठी घालतो, ती इथे फारशी दिसत नाही. सोवळ्यापायी केलेले हट्ट, रुसवे, भाबडेपणा, नवऱ्याशी झालेली खडाजंगी, सगळे त्या हसत हसत सांगतात आणि त्यात स्वतःला पुरते उघडे पाडतात. टिळकांचा तापटपणाही झाकत नाहीत. संतचरित्र लिहायला बसलेल्या माणसाला हे तपशील अडचणीचे ठरले असते; म्हणून ते मला अधिक भरवशाचे वाटतात.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेचा आहे, आणि तो मला जास्त छळतो. बेत टिळकांचे, फरफट लक्ष्मीबाईंची. या फरफटीला ‘सहभाग’ म्हणणे म्हणजे पुरुषी मनमानीवर गोड पांघरूण घालणे नव्हे काय? 1895 पुरते हे मान्य करावेच लागेल. त्या वर्षी बाईंना कुणी काही विचारले नव्हते. पण 1900 नंतरची बाई वेगळी आहे. शाळेचा उंबरा न शिवलेली, नवऱ्याने सुरू केलेले आणि तितक्याच वेळा अर्धवट टाकलेले धडे गिरवून वाचायला शिकलेली ही स्त्री स्वतः कविता करू लागली होती, चारचौघांत बोलत होती, आणि टिळकांच्या कुठल्या बेताला हसायचे, कुठल्या बेताच्या पाठीशी राहायचे, हे ठरवत होती. साताऱ्याचा बेत तिला सोपा वाटला असेल असे मी म्हणत नाही. तिच्यावाचून तो आठवडाभरही चालला नसता, एवढेच म्हणतो.

उरला तिसरा आक्षेप: दरबार टिकला कुठे? 9 मे 1919 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळक वारले. दरबाराला जेमतेम पावणेदोन वर्षे मिळाली आणि संस्था म्हणून त्याने मुळे धरलीच नाहीत. शिवाय 1912 पासून हाती असलेले, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी अखेरपर्यंत सोडले नव्हते, मग मिशन सोडले असे तरी कसे म्हणायचे? या दुसऱ्या मुद्द्याने माझे म्हणणे उलट पक्केच होते. टिळकांना मिशनशी वैर नको होते, त्यांना चाकरीचे नाते नको होते. लेखणी चालू ठेवून पगार बंद करणे हा राग नसून विचार होता. टिकण्याबद्दल म्हणाल, तर फक्त संस्थेचे आयुष्य मोजून चालणार नाही. टिळकांचे इंग्रजी चरित्र 1923 मध्ये लिहिणारे जॅक विन्स्लो हे इंग्लंडच्या चर्चचे मिशनरी. त्यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला आणि गोऱ्या-काळ्यांनी एका छपराखाली साधेपणाने राहायचा प्रयोग केला. टिळकांची सावली त्यावर स्पष्ट दिसते.

आणि टिळकांचा सर्वांत मोठा अपुरा बेत होता ‘ख्रिस्तायन’. ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओव्यांत आणण्याचा हा संकल्प दहा-अकरा अध्यायांवर थांबला होता. लक्ष्मीबाईंनी त्यापुढे 64 अध्याय रचले. 1936 मध्ये त्या गेल्या तेव्हा ग्रंथ संपत आला होता. शेवटची भर मुलाने, देवदत्ताने घातली. मुखपृष्ठावरच्या नावांचा क्रम काहीही असो, ओव्यांची मोजदाद केली तर ‘ख्रिस्तायन’ मुख्यतः लक्ष्मीबाईंचे आहे.