हाडांची घनता : दोन अहवालांतील फरक कितपत खरा?

रजोनिवृत्तीनंतर शरीरात होणारे बहुतेक बदल स्त्रीला जाणवतात. अंगातून गरम वाफा निघतात, झोप उडते. हाडांची झीज मात्र मनगट मोडेपर्यंत किंवा पाठीला पोक येईपर्यंत कळत नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटले की हाड झिजवणाऱ्या पेशींवरील अंकुश सुटतो आणि नवे हाड घडवणाऱ्या पेशी मागे पडतात. अखेरच्या पाळीच्या आगेमागे दोन-तीन वर्षे मणक्यांची घनता दरवर्षी साधारण दोन ते अडीच टक्क्यांनी उतरते. पुढे हा वेग मंदावतो. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ५१च्या आसपास, तर भारतात ४६-४७ आहे. म्हणजे आपल्याकडे ही घसरण चार-पाच वर्षे आधीच सुरू होते.

घनता मोजण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे डेक्सा. त्यात दोन भिन्न ऊर्जांच्या क्ष-किरणांनी कमरेचे मणके व खुबा तपासला जातो. किरणांची मात्रा छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी असते. तरुण स्त्रीच्या सरासरी घनतेशी तुलना करून टी-स्कोअर काढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार उणे २.५ किंवा त्याखालचा टी-स्कोअर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. मोफत शिबिरांत टाचेवर केली जाणारी अल्ट्रासाउंड चाचणी ही निराळी. तिच्या आकड्याला हा निकष लावता येत नाही आणि उपचारांचा परिणाम जोखण्यासाठीही ती उपयोगी नाही.

खरा घोटाळा होतो तो दुसऱ्या तपासणीच्या वेळी. समजा, मणक्यांची घनता गेल्या वर्षी दर चौरस सेंटिमीटरला ०.८२० ग्रॅम होती आणि यंदा ०.८०० आली. घट सुमारे अडीच टक्क्यांची. रुग्ण घाबरते, गोळी बदलण्याची मागणी करते. परंतु तीच स्त्री टेबलावरून उठून पुन्हा झोपली, तरी आकडा थोडा इकडेतिकडे होतोच. म्हणून प्रत्येक केंद्राने ३० जणांची तपासणी दोनदा किंवा १५ जणांची तीनदा करून आपल्या मोजणीतील चूक काढावी, असा संकेत आहे. त्या चुकीच्या २.७७ पटीहून मोठा फरकच खरा बदल मानायचा. मणक्यांसाठी ही मर्यादा जास्तीत जास्त ५.३ टक्के आणि संपूर्ण खुब्यासाठी ५ टक्के इतकी चालते. अहवालावर ती अनेकदा छापलेलीच नसते. ती विचारून घ्यावी. वरच्या उदाहरणातील घट या मर्यादेच्या आतली असू शकते. तुलना टी-स्कोअरची नव्हे, तर ग्रॅममधील घनतेची आणि एकाच यंत्रावरची हवी. यंत्र बदलले की जुना आकडा तुलनेसाठी जवळजवळ निकामी होतो. बहुतेक रुग्णांसाठी दोन तपासण्यांत एक ते दोन वर्षांचे अंतर योग्य ठरते.

वाढलेला आकडाही फसवा असू शकतो. उतारवयात मणक्यांच्या कडांना हाडाची टोके फुटतात. काही वेळा मणका दबून चपटा होतो आणि दबलेला मणका यंत्राला अधिक घन दिसतो! मोडलेल्या हाडाने अहवाल सुधारावा, असा हा प्रकार. अशा वेळी खुब्याच्या आकड्यावर भिस्त ठेवावी लागते. मणक्यांची बहुतेक फ्रॅक्चर डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत. ‘कंबर धरली’ म्हणून विषय संपतो. तरुणपणीच्या उंचीत चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल, तर पाठीचा एक्स-रे काढणे इष्ट. भिंतीला टेकून मोजलेली उंची ही बिनखर्चाची तपासणी आहे. तिच्याकडे होणारे दुर्लक्ष अनाकलनीय आहे.

घनता म्हणजे बळकटी नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. हाडाच्या आतली जाळी, त्याचा आकार आणि झिजेचा वेग यांवरही बळकटी अवलंबून असते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अलेन्ड्रोनेटच्या मोठ्या चाचणीत औषधाविना असलेल्या गटाच्या तुलनेत मणक्यांची घनता सुमारे सहा टक्केच अधिक भरली, परंतु मणक्यांची नवी फ्रॅक्चर जवळपास निम्म्यावर आली. त्यामुळे औषध चालू असताना आकडा स्थिर राहणे, हेही यशच. औषध लागू पडते आहे का, हे सीटीएक्स या रक्तचाचणीतून तीन ते सहा महिन्यांतच कळू शकते. मात्र रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावे लागते.

डेनोसुमॅब हे दर सहा महिन्यांनी टोचायचे इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांनी मात्र अहवाल चांगला आला म्हणून पुढचा डोस परस्पर टाळू नये. त्याचा प्रभाव ओसरताच झीज उसळी घेते, मिळवलेली घनता वर्षा-दोन वर्षांत निघून जाते आणि काहींचे एकाहून अधिक मणके एकाच वेळी दबतात. हे औषध थांबवायचेच असेल, तर त्याच्या जागी दुसरे कोणते व केव्हा सुरू करायचे, हे डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावे लागते.