प्रवासातील छायाचित्रे : साठवणीची साधने कशी निवडावीत?

हैदराबादेतील जामबागेलगतच्या कोठीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा मोठा बाजार आहे. भ्रमंतीत छायाचित्रांसाठी कार्ड वा डिस्क तेथे मिळते. मात्र निवड डोळसपणे करावी. २४ मेगापिक्सेलची एक ‘रॉ’ प्रतिमा साधारण ३० एमबीची असते. ६४ जीबीच्या कार्डात अशा सुमारे २,००० मावतात. बनावट कार्डाची खरी क्षमता छापील आकड्याहून कमी असते व तिच्यापुढील छायाचित्रे नष्ट होतात. म्हणून पावती घ्यावी आणि कार्ड पूर्ण भरून तपासावे. फिरती तबकडी नसल्याने एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा धक्के अधिक सोसते. रोज रात्री दोन प्रती करून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. त्या फोनवर वा टॅबवर उघडून पाहिल्याशिवाय मूळ कार्ड पुसू नये.