तळटीप : जलाशयातला महाशीर
पावसाळा सरल्यावर घाटमाथ्यावरच्या जलाशयात गळाला थोराड महाशीर लागतो, एवढ्यावरून तिथे तो मुबलक आहे असे मानू नये. हा मासा विणीसाठी पावसाळ्यात वाहत्या पाण्याकडे चढतो. त्याची जड अंडी तळच्या गोट्यांच्या फटींत बसतात. त्यांवरून स्वच्छ पाणी खेळत राहावे लागते, गाळ साचला की ती गुदमरतात. आश्विनात हाती येतो तो वाढलेला मासा; यंदा पिल्ले जगली की नाही, हे त्याच्यावरून कळत नाही. कोणी म्हणेल, लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून कृत्रिम प्रजनन होते, मग बीज सोडले की झाले. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचे ते काम खरोखरच मोठे आहे. पण चढायला ओढाच उरला नाही, तर पुढची पिढीही हौदातूनच आणावी लागते. रोह्याच्या वाचकाने कुंडलिका आठवावी : मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून तिच्यात उतरते, मासा मात्र त्या वाटेने वर जाऊ शकत नाही. महाडकडच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून महाशीर राखले जातात. ती राखण मोलाचीच, पण ती डोहातल्या माशाची. विणीच्या ओढ्यांना तसे राखणदार अजून हवे आहेत.